गांजाबंदीची किंमत कोणाच्या खिशातून जाते?

नगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक माहिती आम्ही मुद्दाम सांगतो, आणि ती ऐकून बहुतेक जण आधी विश्वासच ठेवत नाहीत. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील परवानाधारक गांजाची शेती प्रामुख्याने आपल्याच अहमदनगर जिल्ह्यात होत असे. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर ही त्या काळातील गांजाच्या व्यापारातली ठळक नावे होती. शेतकरी परवाना घेऊन लागवड करायचा, माल सरकारी गोदामात जमा व्हायचा आणि तिथून तो कर भरूनच बाहेर पडायचा. आज त्याच जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, उसाच्या किंवा तुरीच्या पिकात गांजाची झाडे सापडली की शेतकऱ्याला बेड्या पडतात.

ही भूतकाळाची हौस नाही. इंग्रजांनी हा धंदा चालवला तो तिजोरीसाठी, लोकांच्या भल्यासाठी नव्हे. पण एका पिढीने जे पीक सातबाऱ्यावर पाहिले, ते पुढच्या पिढीसाठी दहा वर्षांच्या शिक्षेचे कारण कसे बनले, हे समजून घेतले पाहिजे. कारण या बदलाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही.

१८९३ साली ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातील गांजाच्या सेवनावर प्रश्न उपस्थित झाला आणि त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. या आयोगाने देशभर फिरून डॉक्टर, अधिकारी, शेतकरी, साधू, व्यापारी अशा हजाराहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की मर्यादित सेवनाने सहसा मोठे नुकसान होत नाही, अतिसेवनाने होते. पूर्ण बंदी घालू नये, परवाने आणि कर यांच्या आधारे नियंत्रण ठेवावे. आयोगाची एक भीती आज फार खरी वाटते. स्वस्त गोष्टीवर बंदी आली तर माणूस त्याहून घातक नशेकडे वळेल, असे त्यांनी बजावले होते.

झाड एक, कायदे अनेक

बोलताना आपण गांजा, चरस, भांग, हेंप हे शब्द एकमेकांत मिसळतो. झाड एकच आहे. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्याची राळ म्हणजे चरस, आणि पाने वाटून होते ती भांग. नशा आणणारे मुख्य रसायन टीएचसी. ज्या वाणांत हे रसायन अगदी नगण्य असते, साधारण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी, त्यांना औद्योगिक हेंप म्हणतात. हेंप ओढून कोणाला नशा चढत नाही. त्याच्या खोडाच्या सालीतून धागा निघतो, आतल्या भुशापासून बांधकामाच्या विटा व पत्रे बनतात, बियांतून खाण्याचे तेल व प्रथिने मिळतात. आपल्याकडची अंबाडी आणि ताग ही वेगळी झाडे आहेत. इंग्रजीत त्यांनाही 'हेंप' म्हणत असल्यामुळे गोंधळ होतो, एवढेच.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून देशात एनडीपीएस कायदा लागू झाला. त्यामागे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार होता, ज्याने गांजाचे नशेसाठीचे सेवन २५ वर्षांत संपवण्याची अट घातली होती. या कायद्याने गांजा आणि चरस गुन्हा ठरवले, पण नुसती पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारमान्य भांगेची दुकाने चालतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही बंधन आहे, तरीही होळी आणि महाशिवरात्रीला थंडाईचा पेला उघडपणे फिरतो आणि कोणी पंचनामा करत नाही. ज्या नशेला सणाचा आणि देवाचा आधार मिळाला ती परंपरा झाली; हमालाने, बिगाऱ्याने दिवसभराच्या कामानंतर ओढली ती गुन्हा झाली. समाजशास्त्राच्या पुस्तकात 'विचलन' हे प्रकरण आम्ही वाचले होते, त्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

शिक्षा किती? गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती 'अल्प मात्रा', एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोंपेक्षा जास्त असेल तर 'व्यावसायिक मात्रा', दहा ते वीस वर्षे, आणि जामीन जवळजवळ अशक्य. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. लागवडीलाही दहा वर्षांपर्यंत. नुसते सेवन सिद्ध झाले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

इथे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोऱ्याचे शेंडे. पण जप्तीच्या वेळी अनेकदा मुळे, खोड, पाने, बिया सगळे एकत्र तोलले जाते, आणि ५ किलोचे प्रकरण २० किलोच्या वर जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच मुद्द्यावर एका आरोपीला जामीन देताना स्पष्ट केले की शेंड्यांशिवायची पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. आपल्या वस्तीतल्या कोणावर असा खटला असेल तर पंचनाम्यात काय तोलले आहे, हे वकिलाला आधी विचारायला सांगा.

कोण सापडतो

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतील २०१७ आणि २०१८ सालचे दहा हजारांहून अधिक एनडीपीएस खटले तपासले. त्यातले बहुसंख्य गांजाचे होते, आणि तेही विक्रीचे नव्हे तर वैयक्तिक सेवनाचे. पकडलेले लोक मुख्यतः रोजंदारीवर काम करणारे, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे. जवळपास सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, कारण कबूल केले की दंड भरून सुटता येते. लढायचे म्हटले तर वकील, तारखा आणि बुडालेली हजेरी.

याचे कारण गूढ नाही. बंद दरवाजाच्या फ्लॅटमध्ये ओढणाऱ्याला गस्तीची गाडी पाहू शकत नाही. आपल्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतात, त्यामुळे पोरे ओढ्याकाठी, पडक्या भिंतीआड, मैदानाच्या कोपऱ्यात बसतात. पोलिसांनाही महिन्याचा आकडा दाखवायचा असतो.

अमेरिकेत हेच काळ्या समाजाच्या बाबतीत घडले. गांजा ओढण्याचे प्रमाण गोऱ्या-काळ्यांत जवळपास सारखे असूनही, गांजा बाळगल्याबद्दल काळ्यांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या ३.६ पट होती, असे एसीएलयू या संस्थेच्या २०२० च्या अहवालात आहे. आपल्याकडे एनडीपीएसची जातनिहाय आकडेवारी छापलीच जात नाही. पण एनसीआरबीच्या २०२२ च्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, आणि कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण २१ टक्के. लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के. मधला फरक म्हणजे हजारो घरे.

भिंगारमध्ये या गोष्टीला एक वेगळी धार आहे. हे छावणीचे गाव. शेजारी आर्मर्ड कोअरचे केंद्र, रस्त्यावर रोज दिसणारे गणवेश. पहाटे धावणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांच्या डोळ्यासमोर लष्कर, पोलीस किंवा एसआरपीची भरती असते. आमच्या कामात अशी मुले भेटतात ज्यांनी मैदानी चाचणी पार केली, लेखी पार केली आणि चारित्र्य पडताळणीत अडकली, कारण दोन वर्षांपूर्वी मित्रांसोबत बसलेले असताना एका पुडीवरून नाव नोंदवले गेले होते. दंड झाला होता काही हजार. वडिलांनी उसने आणून भरला आणि विषय संपला असे समजले. विषय तिथे सुरू झाला होता. ज्या पोराला सरकारी नोकरी हाच घर वर काढण्याचा एकमेव रस्ता आहे, त्याच्यासाठी हा दंड काही हजारांचा नसतो, तीस वर्षांच्या पगाराचा असतो.

गांजा निर्धोक आहे असे आम्ही म्हणत नाही. वाढत्या वयात, पंधरा-सोळाव्या वर्षी रोज ओढणाऱ्या मुलांचे लक्ष, स्मरणशक्ती आणि शाळा यांवर परिणाम होतो. काहींना भ्रम, संशय, मानसिक आजार होतो, विशेषतः घरात आधीपासून असा आजार असेल तर. आम्ही ते पाहतो. पण प्रमाणही पाहावे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ३.१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस घेतात. त्रासदायक पातळीवर गेलेले दारूचे ५.७ कोटी, गांजा-भांगेचे ७२ लाख. दारूचे परवाने सरकार वाटते. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे ज्याकडे कोणी बघत नाही. नाकाने ओढायच्या द्रव्यांचे, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन यांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. हे कोणत्याही किराणा किंवा स्टेशनरी दुकानात मिळते. गांजा पकडला की बातमी होते, सोल्युशन ओढणारे दहा वर्षांचे पोर कोणाच्याच आकड्यात येत नाही.

पाचवे शील आणि पोलीस ठाणे

आता सर्वांत अवघड प्रश्न. हा विषय विहारात काढला की ज्येष्ठ उपासक लगेच विचारतात, पाचव्या शीलाचे काय? २२ प्रतिज्ञांपैकी सतरावी विसरलात का? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल.

नशा करू नये, हे आमचेही मत आहे. पण शील घेताना आपण शेवटी 'समादियामि' म्हणतो, म्हणजे मी ग्रहण करतो. ते आपण आपल्या हाताने स्वीकारलेले शिक्षापद आहे. तथागतांनी ते मोडणाऱ्याला कोठडीत टाकायला सांगितलेले नाही. सावध केले, समजावले, पुन्हा शील घ्यायची वाट मोकळी ठेवली. खोटे न बोलणे हेही शीलच आहे, म्हणून प्रत्येक खोट्याला आपण फौजदारी गुन्हा करा असे म्हणत नाही. शील पाळायला लावणे हे कुटुंबाचे, विहाराचे, संघटनेचे काम आहे. ते काम आपण पोलीस ठाण्याकडे सोपवले, तर शील वाढत नाही, फक्त खटले वाढतात.

बाबासाहेबांकडे पाहू. स्वतः निर्व्यसनी, समाजाला दारूपासून दूर राहायला आयुष्यभर सांगणारे. तरीही १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदीला ठाम विरोध केला. तिजोरीचे उत्पन्न बुडते, आणि दारू बंद होण्याऐवजी घराघरांत गाळली जाते, बायका-मुलांपर्यंत पोहोचते, असा त्यांचा हिशेब होता. धर्मांतराच्या वेळी, १९५६ मध्ये, त्याच माणसाने दारू न पिण्याची प्रतिज्ञा लाखोंना दिली. यात विसंगती पाहणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा. एक गोष्ट राज्याच्या धोरणाची होती, दुसरी माणसाच्या मनाची.

आणि पैशाबद्दल. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक गोळा करते. लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी होती. आज गांजाचा व्यवहार बंद झालेला नाही, फक्त त्याचा कर तस्कर आणि हप्ता घेणारे वसूल करतात. शाळेला त्यातला एक पैसा मिळत नाही.

धागा, बी आणि जमीन

नशेचा भाग बाजूला ठेवला तरी एक मोठा भाग उरतो, ज्यात शीलाचा प्रश्नच येत नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ नुसार सरकार धागा आणि बियांसाठी या झाडाच्या लागवडीला परवानगी देऊ शकते. त्यासाठी संसदेत कायदा बदलण्याची गरज नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये पौडी गढवालमध्ये असा पहिला परवाना दिला. हिमाचल सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांकडून प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयने २०२१ मध्ये हेंपचे बी, तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केले. मुंबईत 'बॉम्बे हेम्प कंपनी' २०१३ पासून या क्षेत्रात आहे, आणि तिच्यात रतन टाटांनी गुंतवणूक केली होती. म्हणजे भांडवलवाल्यांना या झाडाचे मोल कळले आहे.

आपल्याकडे मात्र २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची लेखी परवानगी मागितली, तेव्हा अर्ज पोलिसांकडे गेला आणि तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला गेला. मागणीमागचे शेतीचे दुखणे कोणी तपासले नाही.

पाथर्डी, शेवगाव, नगर तालुक्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात हेंप येईल का? घाईने हो म्हणू नये. हे लहान दिवसांत फुलणारे झाड आहे. हिमालयाच्या पायथ्याशी उन्हाळ्यात दिवस लांब असतात म्हणून ते उंच वाढते. दख्खनमध्ये लवकर फुलून बुटके राहिले तर धागा कमी मिळेल, बी कदाचित बरे मिळेल. उत्तराखंडमध्येही ०.३ टक्क्यांची मर्यादा पाळणारे वाण मिळवणे हीच मोठी अडचण ठरली. म्हणून पहिली मागणी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात वाणांच्या चाचण्यांची असली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात विद्यापीठ आहे, त्याला काम द्या.

धाग्याचे ज्ञान आपल्या समाजांकडे नव्हते असेही नाही. अंबाडीचा वाख आणि घायपाताचा दोर वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग बांधवांनी केले. मोटेचा सोल, बैलाची वेसण, कासरा त्यांच्या हातचा. नायलॉन आले आणि कौशल्यासह मजुरी गेली. जातीचे काम म्हणून ते पुन्हा कोणाच्या गळ्यात नको, पण नवा धागा-उद्योग उभा राहिला तर त्यात मालकी कोणाची, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा.

नौगावचे उदाहरण इथे उपयोगी पडते. १९१७ मध्ये तिथल्या गांजा उत्पादकांनी सहकारी संस्था काढली. दलालांची साखळी मोडली, आणि नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते बांधले. आज ते बांगलादेशात आहे. तिथे लागवड १९८७ मध्ये बंद झाली. सहकार म्हटले की नगरकरांची छाती फुगते, प्रवरानगरचा कारखाना १९५० चा. पण सहकाराने या जिल्ह्यात कोणाला मोठे केले हेही आपण पाहिले आहे. सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला पाणी आणि सातबारा लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नाही ते पाथर्डी-शेवगावमधून कोयता घेऊन दिवाळीनंतर गाव सोडतात. हेंपचे परवाने असेच वाटले गेले तर पंधरा वर्षांनी आपली मुले हेंपतोड कामगार असतील. म्हणून परवान्यात भूमिहीनांच्या, महिला बचत गटांच्या सहकारी संस्थांना राखीव वाटा, गायरान आणि पडीक जमिनीवर भाडेपट्टा, या अटी आधीच लिहून घ्याव्या लागतील. न्यूयॉर्क राज्याने २०२१ च्या कायद्यात गांजाच्या करातील ४० टक्के रक्कम, बंदीचा सर्वाधिक फटका बसलेल्या वस्त्यांसाठी आणि ४० टक्के शिक्षणासाठी राखून ठेवली. बाबासाहेबांच्या १९२७ च्या मागणीचीच ही दूरची भावंडे म्हणायची.

आणि नशेचा गांजा? उपासकाने करू नये अशा पाच व्यापारांत मद्याचा व्यापार तथागतांनी मोजला आहे, त्यामुळे आपल्या तरुणांनी गांजाच्या दुकानाचे परवाने मागावेत असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमच्या मते सेवनाला आधी गुन्ह्यातून बाहेर काढावे, आणि विक्री पुढे कधी खुली झालीच तर ती सरकारी दुकानातूनच, जाहिरातीशिवाय आणि वयाची अट घालून व्हावी. बौद्ध देश थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण नियंत्रणाचा पूर्ण कायदा आधी केला नाही. पर्यटनाच्या गल्ल्या दुकानांनी भरल्या, आणि जून २०२५ मध्ये सरकारला फुलोऱ्याची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणावी लागली. पोर्तुगालने उलट वाट धरली: २००१ पासून अल्प मात्रेतील सेवन फौजदारी गुन्हा राहिला नाही, पकडलेला माणूस न्यायालयाऐवजी समुपदेशक असलेल्या समितीसमोर जातो. विक्री तिथे अजूनही गुन्हाच आहे.

आपल्या कायद्यातही अशी एक छोटी खिडकी आहे. कलम ६४ क नुसार व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेत असेल तर अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, आणि कलम ३९ नुसार न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. वस्तीत हे कोणाला माहीत नसते. दंड भरून मोकळे होण्याचा सल्ला मात्र सगळे देतात.

तोपर्यंत एक काम प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना करता येईल. माहिती अधिकारात आपल्या पोलीस उपविभागाकडे गेल्या पाच वर्षांतील एनडीपीएस गुन्ह्यांची संख्या मागा. त्यात गांजाचे किती, एक किलोच्या आतले किती, नुसत्या सेवनाचे किती, किती आरोपी २५ वर्षांखालील, आणि कलम ६४ क किंवा ३९ चा लाभ किती जणांना मिळाला, हे वेगवेगळे विचारा. अर्ज दहा रुपयांचा आहे. भिंगार आणि नगर शहरासाठीचा अर्ज आम्ही करत आहोत. पाथर्डी, शेवगाव, राहुरी, जामखेडच्या मित्रांनी आपापला करावा, म्हणजे उत्तरे एकत्र ठेवून लोकप्रतिनिधींकडे जाता येईल.